बीपी खाटेपेक्षा जास्त

सिस्टर रविवारी सकाळी साडेआठला यायच्या, नाइट करून, तशाच. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम, जत तालुक्यात, पुढे जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा. वय सत्तावीस-अठ्ठावीस. नाव लिहीत नाही. मी त्यांना ‘सिस्टर’च म्हणायचो आणि त्या मला ‘सर’.

ब्रिटनला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीच्या ॲकॅडेमिक परीक्षेत ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ बँड लागतात, लिहिण्यात ६.५. पहिल्या खेपेला तिन्हींत निभावलं, लिहिण्यात ६ आले. अर्ध्या बँडसाठी पुन्हा फी, पुन्हा रजा, पुन्हा इन-चार्जची मनधरणी.

“शब्दच कमी पडतात सर मला,” हे त्यांचं निदान. माझं निदान वेगळं होतं, आणि तेही चुकलं. दोन रविवार त्यात गेले.

पहिला कागद

लेखनाच्या पहिल्या प्रश्नात तक्ता किंवा आलेख देतात आणि वीस मिनिटांत निदान दीडशे शब्दांत त्याचं वर्णन मागतात. दुसरा प्रश्न निबंधाचा: चाळीस मिनिटं, अडीचशे शब्द, आणि वजन पहिल्याच्या दुप्पट. त्यामुळे तयारी करणारे सगळा जीव निबंधात ओततात. पण पहिल्या प्रश्नात मत मांडायचं नसतं. हे त्याहून जास्त, ते याहून कमी, हा फरक आधी वाढला मग घटला, बहुतेक एवढंच सांगायचं असतं. तुलना लंगडली की उत्तर लंगडलं.

मी जनगणनेचे आकडे घेऊन एक तक्ता करून दिला. महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये ७६.९ टक्के, २०११ मध्ये ८२.३. पुरुषांची ८६ वरून ८८.४ वर गेलेली, स्त्रियांची ६७ वरून ७५.९ वर. सिस्टरांनी जे लिहिलं त्यातली चार वाक्यं उच्चारासकट इथे उतरवतो:

‘इन २०११ द लिटरसी ऑफ महाराष्ट्र इज मोअर दॅन २००१.’

‘द लिटरसी ऑफ मेन इज व्हेरी हायर दॅन विमेन.’

‘द फीमेल लिटरसी इज मोअर इन्क्रीज्ड ॲज कम्पेअर टू मेल.’

‘द गॅप इज मोअर स्मॉलर देन बिफोर.’

अख्ख्या पानात नऊ तुलना होत्या, सहा बिघडलेल्या. अर्थ मात्र एकाही ठिकाणी अडत नाही, हे मुद्दाम सांगतो. परीक्षकालाही सगळं समजलं असणार. समजतं म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कुणी दुरुस्त करत नाही.

मला वाटलं, रूपं कच्ची आहेत. ‘मोअर स्मॉलर’, ‘व्हेरी हायर’ पाहून दुसरं काय वाटणार? मी शाळेतलं ‘चेंज द डिग्री’ काढलं. महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. ‘डू ॲज डायरेक्टेड’मधला हमखास गुण मिळवून देणारा प्रकार. कळसूबाई दिलं. सिस्टरांनी पेन खाली न ठेवता तिन्ही वाक्यं लिहिली:

‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’

‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.’

‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.’

एकही चूक नाही. ‘एनी अदर’मधला ‘अदर’सुद्धा जागेवर. तो राहिला तर कळसूबाई स्वतःपेक्षा उंच ठरतं, आणि भलेभले तो विसरतात. मी आणखी वीस वाक्यं दिली, तीही बरोबर आली. पुढच्या रविवारी नवा तक्ता दिला आणि पुन्हा ‘मोअर दॅन २००१’.

म्हणजे रूपं पाठ होती, पण स्वतःचं वाक्य लिहायला बसलं की ती कामाला येत नव्हती. याचं कारण मला तेव्हा सापडलं नाही. तिसऱ्या रविवारी सापडलं, तेही अपघाताने.

खाट

तिसऱ्या रविवारी शिकवणी चालू असताना वॉर्डमधून फोन आला. हँडओव्हरमधलं, म्हणजे पुढच्या पाळीला द्यायच्या माहितीतलं, काहीतरी राहिलं होतं. सिस्टर फोनवर म्हणाल्या, “अगं, चार नंबरचं बीपी सहा नंबरपेक्षा जास्त आहे, राउंडला सरांना सांग.” फोन ठेवल्यावर मी म्हटलं, हेच वाक्य इंग्रजीत सांगा.

“द बीपी ऑफ बेड फोर इज हायर दॅन बेड सिक्स.”

मी कागदावर एक खाट काढली, जमिनीपासून दोन-अडीच फूट. तिच्या वर एक बाण काढून म्हटलं, “तुमच्या वाक्यात बीपी या खाटेपेक्षा उंच गेलंय.”

त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, “पण सर, मराठीत तर चालतं की.”

मराठीत चालतं, अगदी बिनतक्रार. ‘त्याचं घर माझ्यापेक्षा मोठं आहे’ हे वाक्य ऐकून कुणी माझ्या कमरेचा घेर डोळ्यांपुढे आणत नाही. ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त’ हे आपण बोलतो, लिहितो, पेपरात छापतो. डाव्या बाजूला लोकसंख्या आणि उजव्या बाजूला अख्खं शहर असलं तरी ‘पेक्षा’ ते निभावून नेतं. हा शब्द मूळचा ‘अपेक्षा’, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहून, तिच्या संदर्भात. पुण्याकडे पाहता मुंबईची लोकसंख्या जास्त. पुण्यातलं नेमकं काय पाहायचं, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. मराठी ऐकणाऱ्यावर हा भार टाकते आणि ऐकणारा तो आनंदाने उचलतो.

इंग्रजीच्या लिखित वळणात ‘दॅन’ तसं नाही. ते दोन्ही पारड्यांत एकाच जातीचा माल मागतं. लोकसंख्येसमोर लोकसंख्या, बीपीसमोर बीपी, २०११ मधल्या स्थितीसमोर २००१ मधली स्थिती. बोलण्यात इंग्रजही घसरतात. ही चूक आपलीच खासियत आहे असं समजू नये. मॅनेजमेंटच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेत कित्येक वर्षं नेमकी हीच चूक पकडायला लावणारी वाक्यं येत असत, आणि ती देणाऱ्यांत इंग्रजी मातृभाषा असणारे भरपूर. फरक इतकाच की त्यांची जीभ अधूनमधून घसरते आणि आपली भाषाच आपल्याला तिकडे ढकलते.

आता ‘चेंज द डिग्री’ का कामाला आलं नाही, तेही उलगडलं. त्या सगळ्या वाक्यांत शिखरासमोर शिखर, मुलासमोर मुलगा, शहरासमोर शहरच असतं. ‘राम इज टॉलर दॅन श्याम.’ दोन्हीकडे नुसती नामं, ‘चा-ची-चे’ कुठेच नाही. कळसूबाईची उंची साल्हेर शिखराच्या उंचीशी ताडून पाहायची वेळ त्या सरावात येतच नाही. काळाची तुलना तर जवळपास नसतेच. दहा वर्षं मुलं नेमक्या त्या जागी सराव करतात जिथे मराठी आणि इंग्रजी एकमेकींशी जुळतात, आणि जिथे त्या वेगळ्या होतात ती जागा अभ्यासक्रमात कुठे येत नाही. माझं मत विचाराल तर या प्रश्नप्रकाराने तुलना शिकवली कमी आणि तुलना येते असं वाटायला लावलं जास्त.

‘च्या’ची चाचणी

उपाय इंग्रजीत शोधण्यात अर्थ नव्हता. चूक मराठीतून येत होती, तेव्हा तोडगाही तिथेच असणार होता. आणि मराठीकडे तो आहे. आपल्याला गरज पडते तेव्हा आपण ‘पुण्याच्यापेक्षा’ म्हणतो. ‘कोल्हापुरातल्यापेक्षा सांगलीतली हवा गरम’ म्हणतो. ‘च्या’ आणि ‘तल्या’ ही दोन रूपं उजवं पारडं बरोबर भरतात. आपण ती आळसाने गाळतो इतकंच.

म्हणून सिस्टरांना सांगितलं, इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनातल्या मराठी वाक्यात ‘पेक्षा’च्या आधी ‘च्या’ किंवा ‘तल्या’ घालून बघा. मराठी कानाला पटलं, तर इंग्रजीतही ‘दॅन’नंतर काहीतरी यायलाच हवं. पटलं नाही, तर नुसतं नाम पुरे.

‘चार नंबरचं बीपी सहा नंबरच्यापेक्षा जास्त.’ पटतं. म्हणून इंग्रजीत ‘हायर दॅन दॅट ऑफ द पेशंट इन बेड सिक्स’.

‘२०११ मधली साक्षरता २००१ मधल्यापेक्षा जास्त.’ पटतं. म्हणून ‘हायर इन २०११ दॅन इन २००१’. तो दुसरा ‘इन’ म्हणजे आपला ‘मधल्या’. सिस्टरांच्या लेखनात तो कधीच नसायचा, कारण ‘२००१ पेक्षा’ म्हणताना मराठीत ‘मध्ये’ गिळला जातो.

‘कळसूबाई साल्हेरच्यापेक्षा उंच.’ पटत नाही, कानाला खडा लागतो. म्हणून ‘हायर दॅन साल्हेर’, बस.

सर्वनामांपाशी मात्र ही चाचणी लटकते. ‘माझ्यापेक्षा’मध्ये ‘माझ्या’ आधीच आहे. तो मी आहे की माझी वस्तू, ते कळायला मार्ग नाही. तिथे अख्खं नाम घालूनच बघावं लागतं: ‘त्याचं घर माझ्या घरापेक्षा मोठं.’ बसलं, म्हणजे इंग्रजीत ‘बिगर दॅन माइन’, ‘दॅन मी’ नाही. ‘माइन’, ‘युअर्स’, ‘हर्स’ हे शब्द सिस्टरांना येत होते, पण फक्त ‘धिस पेन इज माइन’पुरते. तुलनेत ते कधी वापरलेच नव्हते.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा मेसेज आला: सारखं ‘दॅट ऑफ, दॅट ऑफ’ लिहून कंटाळा येतो, आणि वाचायलाही कसंतरी वाटतं. तक्रार रास्त होती. ‘दॅट ऑफ’ बरोबर असतं, पण पानात चार वेळा आलं तर दस्तऐवज वाचल्यासारखं वाटतं. त्यावर इंग्रजीतच सोपी पळवाट आहे: वाक्याचा कर्ता बदलायचा. ‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई’ने सुरुवात केली की शेवटी ‘दॅट ऑफ पुणे’ आलंच. ‘मुंबई हॅज अ लार्जर पॉप्युलेशन दॅन पुणे’ म्हटलं की दोन्ही पारड्यांत शहरंच, भानगड मिटली. पुढच्या कागदापासून सिस्टरांनी ही दुसरी वाट धरली. मला तीच जास्त आवडते. ‘दॅट ऑफ’ राखून ठेवावं, नाइलाज होईल तिथे वापरावं.

कमी, जास्त, मोठा, खूप

पारडं सावरलं तेव्हा मागची अडगळ दिसायला लागली. मराठीतले चार साधे शब्द इंग्रजीत जाताना फुटतात.

‘जास्त’ सगळ्यात कामसू. लोकसंख्या जास्त, ताप जास्त, किंमत जास्त, पेशंट जास्त. सिस्टर सगळीकडे ‘मोअर’ लिहायच्या. मोजता येणाऱ्या पेशंटांना ‘मोअर पेशंट्स’ ठीक. ताप, दर, बीपी, टक्का ही वरखाली होणारी मापं, त्यांना ‘हायर’. लोकसंख्येला ‘लार्जर’. सिस्टरांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टवर रेघ वर-खालीच जाते. ‘हायर’ त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. ‘कमी’चंही तसंच, फक्त त्यात एक जास्तीचा काटा: मोजता येईल ते ‘फ्यूअर’, न येईल ते ‘लेस’. बोलण्यातल्या इंग्रजीत हा भेद बराच विरघळला आहे, परीक्षेच्या लेखनात अजून पाळलेला बरा.

‘मोठा’ आणि ‘लहान’ यांनी एक गंमत केली. बोलण्याच्या सरावात सिस्टर म्हणाल्या, ‘माय ब्रदर इज बिगर दॅन मी.’ भाऊ तीन वर्षांनी मोठा, अंगाने काटकुळा. इथे ‘ओल्डर’ हवं. पुस्तकातला ‘एल्डर’ आठवून त्यांनी लगेच ‘एल्डर दॅन मी’ केलं, आणि तेही चुकलं. ‘एल्डर’ नात्यापुरता आणि नामाआधीच येतो, ‘माय एल्डर ब्रदर’. ‘दॅन’ त्याला सोसत नाही.

‘खूप’ हा ‘व्हेरी’ही आहे आणि ‘मच’ही. ‘खूप उंच’ला ‘व्हेरी हाय’, पण ‘पुण्यापेक्षा खूप जास्त’ला ‘मच हायर’. ‘व्हेरी हायर’ तिथूनच आला. ‘फार’ म्हटलं तरी तेच. यावर मी एक क्रम पाठ करून घेतला, किंचित ते प्रचंड: ‘स्लाइटली’, ‘कन्सिडरेबली’, ‘फार’. शेवटचा इंग्रजी ‘फार’ आणि आपला ‘फार’ कानाला एकच आणि इथे कामालाही एकच. ‘फार हायर’ म्हणजे फारच जास्त. हा योगायोग आहे, नातं नाही, पण सिस्टर तो विसरल्या नाहीत.

‘ॲज कम्पेअर टू’ हा वेगळाच रोग, आणि तो शाळेतून नाही, इंग्रजी पेपरांतून आणि ऑफिसातून लागतो. ‘२००१च्या तुलनेत जास्त’ हे मराठी सरळ आहे. त्यावरून ‘हायर ॲज कम्पेअर्ड टू २००१’. भारतीय इंग्रजीत हे इतकं रुळलंय की चूक म्हणायला जीभ धजत नाही. मी सिस्टरांना एवढंच सांगितलं: ‘हायर’ आलं की ‘दॅन’ येऊ द्या, ‘कम्पेअर्ड विथ’ वापरायचंच असेल तर ‘-अर’ नसलेल्या वाक्यात वापरा. जसं, ‘८८ पर्सेंट ऑफ मेन वर लिटरेट, कम्पेअर्ड विथ ७६ पर्सेंट ऑफ विमेन.’ बाकी शुद्धलेखन: ‘कम्पेअर’ला शेवटी ‘ड’ आहे, आणि ‘दॅन’च्या जागी ‘देन’ नको. ही दोन्ही रूपं जुन्या इंग्रजीत एकाच शब्दाची होती, पुढे वेगळी झाली. सिस्टरांची चूक फारतर काही शतकं उशिरा झालेली म्हणायची.

स्वादिष्ट

‘मोअर स्मॉलर’वर आम्ही एक अख्खा रविवार घालवला. परीक्षेच्या हिशेबाने पाच मिनिटांचं काम होतं, पण सिस्टरांनी एक नेमका प्रश्न विचारला: “मराठीत शब्दच बदलत नाही, मग इंग्रजीत का बदलतो?”

मराठी विशेषण खरोखरच हलत नाही. उंच, अधिक उंच, सर्वांत उंच; ‘उंच’ तिन्हीकडे जागचा ढळत नाही. काम शेजारचे शब्द करतात. म्हणून सिस्टरांच्या डोक्यात ‘जास्त’चा ‘मोअर’ तयार होता, आणि शाळेने ‘-अर’ लावायला शिकवलेलं. दोन्ही आले, दोन्ही राहिले.

पण आपल्याकडेही शब्द बदलत होता. संस्कृतात ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय: उच्च, उच्चतर, उच्चतम. त्या दोन प्रत्ययांवरूनच ‘तारतम्य’ हा शब्द झाला. ज्याला तारतम्य नाही त्याला अक्षरशः ‘तर’ आणि ‘तम’ यांतला फरक कळत नाही. दुसरी जोडी ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ हे सगळे मुळात ‘सर्वांत’वाले शब्द. यातला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘-एस्ट’ एकाच मूळ प्रत्ययाची लेकरं आहेत. मराठीतला ‘स्वादिष्ट’ आणि इंग्रजीतला ‘स्वीटेस्ट’ तर धातू आणि प्रत्यय दोन्हींनी सख्खे भाऊबंद. आपण मात्र ‘ही भाजी त्या भाजीपेक्षा जास्त स्वादिष्ट’ म्हणतो, म्हणजे मुळाकडे पाहिलं तर ‘मोअर स्वीटेस्ट’. ‘श्रेष्ठतम’ म्हणजे ‘श्रेष्ठ’वर ‘तम’ चढवलेला. मराठीत या शब्दांतली ‘सर्वांत’ची छटा पुसली गेली, ते साधी विशेषणं झाले, म्हणून हे चालतं. इंग्रजीतही चारशे वर्षांपूर्वी ‘मोअर’ आणि ‘-अर’ एकत्र सर्रास येत. नंतर व्याकरणकारांनी ते बंद पाडलं.

हे ऐकून चूक सुटते असं नाही. पण लाज सुटते, आणि लाजेने माणूस तुलना करायचीच टाळतो. सिस्टरांच्या पहिल्या काही कागदांत ‘ॲज… ॲज’ एकदाही नव्हतं, कारण त्याची भीती होती. ‘साल्हेर कळसूबाईएवढा उंच नाही’ यातला ‘एवढा’ म्हणजेच ‘ॲज… ॲज’, हे कळल्यावर ते धडाधड यायला लागलं.

याच ओघात ‘सीनिअर’ आला. वॉर्डात दिवसातून दहादा वापरायचा शब्द, आणि सिस्टर म्हणायच्या ‘सीनिअर दॅन मी’. हा लॅटिनमधून तुलनेचा प्रत्यय अंगात घेऊनच आलेला. ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर हेही त्याच घरचे. त्यांना ‘दॅन’ नको, ‘टू’ हवा: ‘शी इज थ्री इयर्स सीनिअर टू मी.’ हा नियम शाळेतही सांगतात, तेव्हा तेवढं सांगून पुढे गेलो.

पट आणि जितकं-तितकं

गुणाकाराची तुलना सिस्टरांना अवघड जाईल असं मला वाटलं होतं, पण तिथे मराठीने हात दिला. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, गोव्याचं ३,७०२. ‘महाराष्ट्र गोव्याच्या ८३ पट मोठा.’ बघा, इथे आपण ‘पेक्षा’ टाळतो आणि ‘च्या’ घेतो. इंग्रजीचंही चांगलं वळण तेच: ‘दॅन’ टाळून ‘८३ टाइम्स ॲज लार्ज ॲज गोवा’. ‘८३ टाइम्स लार्जर दॅन’ही लिहितात, पण त्यात ८३ पट की ८३ पटीने भर, असा वाद घालायला जागा राहते.

पुढचा प्रश्न मी खोडसाळपणे घातला. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी, गोव्याची १४.५९ लाख. दाट वस्ती कुठे? सिस्टर पटकन म्हणाल्या, महाराष्ट्रात. लोकसंख्या ७७ पट, जमीन ८३ पट. म्हणजे दाटी गोव्यातच थोडी जास्त. चौरस किलोमीटरला ३९४ माणसं, महाराष्ट्रात ३६५. त्यांनी स्वतः भागाकार करून बघितला आणि मग लिहिलं: ‘गोवा इज स्लाइटली मोअर डेन्सली पॉप्युलेटेड दॅन महाराष्ट्र.’ ‘व्हेरी’ नाही, ‘दॅट ऑफ’चा घोळ नाही. या वाक्यावर मला लाल पेन टेकवावंच लागलं नाही.

‘ने’च्या बाबतीत थोडी खटपट झाली. कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७. ‘७९ मीटरने उंच’चं त्यांनी ‘हायर विथ ७९ मीटर्स’ केलं. फरक ‘हायर’च्या आधीच ठेवा म्हटलं: ‘७९ मीटर्स हायर दॅन’. साक्षरतेत याचीच मोठी भानगड होते. ७६.९ चे ८२.३ झाले, तर वाढ ५.४ टक्क्यांची की ७ टक्क्यांची? ५.४ हा दोन टक्केवारींतला फरक, त्याला ‘पर्सेंटेज पॉइंट्स’. मूळ आकड्याच्या मानाने वाढ सुमारे ७ टक्के. मराठी पेपर दोन्हीला ‘टक्के’ म्हणून मोकळे होतात.

‘द मोअर… द मोअर’ शिकवायला तर काहीच लागलं नाही. ‘जितकं लवकर तितकं बरं’ म्हटलं आणि सिस्टरांनी ‘द सूनर द बेटर’ पुरं केलं. ‘जितकं’लाही ‘द’, ‘तितकं’लाही ‘द’. आपल्याकडे ‘मोअर द बेटर’ असं अर्धं बोलतात, कारण पहिला ‘द’ निरर्थक वाटतो. तो नेहमीचा ‘द’ नव्हेच. जुन्या इंग्रजीतल्या विभक्तीच्या एका रूपाचं ते उरलेलं शेपूट आहे, अर्थ ‘तेवढ्याने’. सिस्टरांनी वहीत ‘द = जितकं, द = तितकं’ असं समीकरणासारखं लिहून ठेवलं. त्यात सुधारायला काही नव्हतं.

शेवटचा तक्ता

आठव्या रविवारी मी पहिलाच साक्षरतेचा तक्ता पुन्हा दिला, न सांगता. त्यांनी ओळखला नाही, किंवा ओळखून बोलल्या नाहीत. वीस मिनिटांनी आलेल्या कागदात तुलना अकरा होत्या. त्यातलं एक वाक्य:

‘विमेन्स लिटरसी रोज फार फास्टर दॅन मेन्स, सो द गॅप बिटवीन देम वॉज नॅरोअर इन २०११ दॅन इन २००१.’

‘मेन’ नव्हे, ‘मेन्स’. दुसरा ‘इन’ जागेवर. आणि ‘फार’. स्त्रियांची वाढ जवळपास नऊ पर्सेंटेज पॉइंट्सची, पुरुषांची अडीचच्या आत, तेव्हा ‘फार फास्टर’ आकड्यांनाही धरून. अकरातल्या दोन चुकल्या होत्या. एका ठिकाणी ‘लेस वुमन’, तिथे ‘फ्यूअर विमेन’ हवं होतं. दुसऱ्या ठिकाणी घाईत पुन्हा ‘मोअर हायर’.

परीक्षेत लेखनाला ६.५ आले. त्यात तुलनेचा वाटा किती, ते गुणपत्रकावरून काढता येत नाही; त्यावर लेखनाचा एकच आकडा असतो, व्याकरणाचा वेगळा नाही. निबंधावरही त्या काळात आम्ही काम केलंच होतं. बोलताना थकल्या असल्या की सिस्टरांचा ‘मोअर बेटर’ अजून निसटतो. त्यावर मी काही केलं नाही.

निकाल सांगायला आल्या तेव्हा एक गोष्ट हसत सांगितली. हँडओव्हर देताना आता त्यांच्या तोंडून मराठीतसुद्धा ‘चार नंबरचं बीपी सहा नंबरच्यापेक्षा जास्त’ असंच येतं. परवा वॉर्डातली नवीन मुलगी म्हणाली, “सिस्टर, ते मधलं ‘च्या’ कशाला हो?”

“खाटेला बीपी नसतं गं,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा पेशंट सांगायला लागल्या.